गुडघा टेकलेला माणूस

ह्या खेळाचं नाव फुटबॉल,
आणि पाय लागतो तो कधीमधी.
टचडाउनचे सहा मिळाले
की वर एक मागता येतो, लाथ मारून,
किंवा दोन, पळून नाहीतर फेकून.
तीन यार्डांवरून. एकदाच.
तेवढ्यापुरतं घड्याळ बंद.
पश्चिम कॅन्ससमध्ये, एल्म फोर्कच्या मैदानावर,
एरवी काहीच थांबत नाही,
वारा तर नाहीच नाही.

नियमांच्या वहीत एक कलम माझ्यासाठी होतं.
चेंडू हातात असताना ज्याचा गुडघा जमिनीला लागला
तो मेला, तिथंच, शिट्टी वाजते.
फक्त किकसाठी चेंडू धरणारा
गुडघा टेकूनही जिवंत राहतो,
बावीस जणांत एकटा.
सतरा वर्षांचा होतो, मला ह्याचा गर्व वाटायचा.

काम एवढंच: सात यार्डांवरून
कुणाच्या तरी मांड्यांमधून आलेला चेंडू झेलायचा,
टोकावर उभा करायचा, वर एक बोट,
आणि शिवण फिरवायची खांबांकडे.
शिवणीवर पाय बसला तर चेंडू कुठं जाईल
ते चेंडूलाही ठाऊक नसतं.
सव्वा सेकंद मिळतो.

त्या रात्री चौदानं मागं होतो.
पहिला टचडाउन झाला, आठ उरले,
आणि कोच फॅननस्टीलनं दोन बोटं वर केली.
गॅलरीतून ओरडा: अरे, गुमान एक घे!
माझा बाप सगळ्यांत मोठ्यानं.
कोच आमच्याकडे बघून म्हणाला,
"आत्ता साधलं तर पुढच्याला एकात जिंकू.
हुकलं तर पुढच्याला पुन्हा दोन मागू, बरोबरी करू.
वाईट बातमी लवकर कळलेली बरी."
साधलं. एकवीस-पंधरा.
मग घड्याळात शून्य उरताना दुसरा टचडाउन,
एकवीस-एकवीस,
आणि गॅलरी एकमेकांना सांगू लागली
की आम्ही तर आधीच म्हणत होतो.

एलेउतेरिओ बाराझा मैदानात आला.
त्याच्या घरी फुटबॉल म्हणजे दुसराच खेळ, गोल चेंडूचा.
मागं तीन पावलं, बाजूला दोन. मान हलवली.
बाप त्याचा फाटकापाशी उभा,
मांसाच्या कारखान्यातली पाळी अर्धी टाकून आलेला,
पायात पांढरे गमबूट.

चेंडू आला, खाली, बोटांना गार.
उभा केला. शिवण त्याच्याकडे.
मला दिसली. फिरवली नाही.
फिरवता आली नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत होतो.

डावा खांब टणकन वाजला.

जादा वेळात हरलो.
पेपरात आलं: बाराझाची किक हुकली.
शिवणीचं नाव पेपरात येत नाही.
कोणी मला विचारलं नाही,
आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यायची
माझ्या घरी पद्धत नव्हती.

आता मी धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसतो.
भरलेला ट्रक, वजा रिकामा ट्रक.
परवाच्या जुलैत तो आला, गहू घेऊन,
स्वतःचा ट्रक, कानामागचे केस पिकलेले.
आम्ही भावाबद्दल बोललो, ओलाव्याच्या टक्क्यांबद्दल.
पावती देताना माझ्या तोंडून मध्येच निघालं,
तेवीस वर्षांनी:
शिवण तुझ्याकडं होती.

"माहीत आहे," तो म्हणाला. "दिसली होती."

मग मारलीस कशाला?

त्यानं पावती उन्हाकडं धरली, आकडा वाचला.
"पाय निघाला होता."

मागं चार ट्रक. एकानं हॉर्न दिला.
त्यानं खिडकीच्या काचेवर दोनदा बोट आपटलं
आणि गियर टाकला.
काट्यावरचा आकडा भराभर खाली आला
आणि शून्यापाशी हलत राहिला जरा वेळ.
वारा होता.